वळवाचा वारा आणि हॅमचा मनोरा

एप्रिल-मे महिन्यांत वैराग-बार्शी परिसरात दुपारी पारा चाळिशीपार गेला, की संध्याकाळी वळवाची धास्ती असते. घरावरच्या पत्र्यांचे आणि बागांच्या मांडवांचे तेव्हा काय होते, हे इथल्या लोकांना सांगायला नको. याच वाऱ्यात आणखी एक गोष्ट सापडते, ती म्हणजे हॅम रेडिओचा मनोरा.

हॅम म्हणजे परीक्षा देऊन, दूरसंचार विभागाचा परवाना घेऊन स्वतःच्या बिनतारी संचावरून जगाशी बोलणारा हौशी माणूस. एरवी हा छंदच. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संपर्काच्या कामात हॅम मंडळींचा हातभार लागला होता. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने कोकणातल्या अनेक गावांची वीज आणि मोबाइल बंद पाडले, तेव्हा मोबाइलवरच विसंबून राहण्यातला धोका पुन्हा दिसला. अशा वेळी हॅमचा उपयोग होतो खरा, पण त्याची अँटेना वादळात टिकली तर.

जुन्या दूरदर्शनच्या अँटेनासारखीच, पण तिच्या कितीतरी पट मोठी ‘यागी’ अँटेना हॅम वापरतात. ती ज्या दिशेला रोखावी तिकडचा संदेश स्पष्ट येतो. पूर्वी एकाने छतावर अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ ओरडायचे. हॅमच्या घरी ते फिरवण्याचे काम रोटेटर, म्हणजे दंतचक्रांची विजेची मोटर करते. रोटेटरमधून निघून मनोऱ्याच्या टोकाबाहेर जाणारा आणि अँटेना पेलणारा पाइप म्हणजे मास्ट. पाया नीट असेल आणि ताणतारा घट्ट असतील तर जाळीदार मनोरा सहसा तग धरतो. वाकतो तो मास्ट आणि तुटतात ती रोटेटरची दंतचक्रे. खर्चात काटकसर होते तीही नेमकी याच दोन ठिकाणी.

वाऱ्याचा हिशेब फसवा असतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण २४ किलोचा जोर लावतो. वेग ताशी १४० किलोमीटर झाला, की हाच जोर ९३ किलोच्या आसपास जातो. वेग जेमतेम दुप्पट, जोर जवळपास चौपट. आणि १४० हा आकडा काही अतिशयोक्त नाही. इमारतींसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटरचा, म्हणजे ताशी १४० किलोमीटरचाच झोत धरला आहे. देशातल्या सर्वांत सौम्य पट्ट्यासाठीही तो ताशी ११९ किलोमीटरच्या घरात आहे.

आता ०.६ चौरस मीटर वारा अडवणारी मध्यम यागी मनोऱ्याच्या टोकापासून दोन मीटर वर बसवली, असे समजू. त्या झोतात तिच्यावर सुमारे ५५ किलोचा जोर येतो. दोन मीटरच्या तरफेमुळे मास्टच्या बुडाशी त्याचा परिणाम एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ११० किलो लटकवल्यासारखा होतो. इथे दुकानात सहज मिळणारा दीड इंची पाण्याचा पाइप (बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी ३.२) लावला, तर त्याच्या धातूवर दर चौरस मिलिमीटरला २३० न्यूटनच्या आसपास ताण पडतो. साध्या प्रतीचे बांधकामाचे पोलादही २१० न्यूटनला कायमचे वाकू लागते. पाण्याचा पाइप तर आतला दाब सोसण्यासाठी केलेला. वाकण्याची हमी त्याच्याकडून मागणेच चूक.

व्यास ६० मिलिमीटर आणि जाडी ३.६ केली, तर तोच ताण १३० च्याही खाली येतो. १२ मिलिमीटरचा फरक एवढे काम करतो, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण पाइपाच्या बाहेरच्या कडेवर पडतो. म्हणूनच बारीक पाइपात आणखी बारीक पाइप किंवा लाकडी दांडका ठोकून बसवण्याच्या युक्तीने फारसे साधत नाही. बांधकामाच्या नळ्या २१०, २४० आणि ३१० अशा प्रतींत मिळतात; मास्टसाठी ३१० मागून घ्यावी. शिवाय अँटेना टोकापासून शक्य तितकी खाली बसवावी. उंची एक मीटरने कमी केली, की वरच्या उदाहरणातला भार निम्मा होतो. हा उपाय तर फुकटचा.

रोटेटर घेताना बहुतेक जण तो किती जोराने फिरतो ते पाहतात. वादळात महत्त्व असते ते ब्रेकला. वळवाचा झोत क्षणात दिशा बदलतो, अँटेनाच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी आदळतो, आणि सगळा पीळ दंतचक्रांवर येतो. जागेचाही प्रश्न आहे. हाय-गेनच्या ‘हॅम-४’ या प्रसिद्ध रोटेटरला मनोऱ्याच्या आत बसवल्यास १५ चौरस फूट वारा अडवणारी अँटेना चालते, बाहेर पाइपावर बसवल्यास फक्त साडेसात. आत बसवला, की मास्ट वरच्या बेअरिंगमधून जातो, आडवा जोर मनोऱ्यावर येतो आणि रोटेटरला फक्त फिरवायचे आणि धरून ठेवायचे काम उरते. एवढ्या एका गोष्टीसाठी मनोऱ्याच्या माथ्याची रचना बदलावी लागली, तरी ती बदलणे स्वस्त पडते.

गावात जागा मोकळी असेल तर बिजागरीवर आडवा करता येणारा मनोरा सर्वांत बरा. तो कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही, इतके अंतर आधीच मोजून घ्यावे. शेजाऱ्याचे पत्र्याचे छतही त्याच मापात बसवावे. ढग दाटू लागले, की अँटेनाची केबल संचापासून सोडवावी आणि तिचे टोक घराबाहेरच्या अर्थिंगला जोडावे. विजा अजून लांब असतानाच हे उरकावे. मनोऱ्यावर चढून बोल्ट आवळण्याचे काम मात्र तेव्हा नाही. ते मार्चमध्येच, कमरेला पट्टा बांधून आणि खाली एक माणूस उभा ठेवून करावे.