उणे २६९ अंशांवर टांगलेले ओझे

एमआरआयच्या बोगद्यात शिरणारा रुग्ण खडखडाटाला घाबरतो, कोंडल्यासारखे होईल का म्हणून विचारतो. आपल्याभोवती टनांत मोजावे असे तारांचे वेटोळे उणे २६९ अंश सेल्सिअसला टांगून ठेवले आहे, हे त्याच्या गावीही नसते.

ही तार नायोबियम-टायटॅनियमची. द्रवरूप हेलियमच्या थंडीत तिचा विजेला होणारा विरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्यासाठी हेलियमची टाकी थर्मासप्रमाणे निर्वात कवचात ठेवतात. पण एवढे ओझे अधांतरी राहत नाही. बाहेरच्या उबदार कवचाशी ते कुठेतरी बांधावेच लागते, आणि जिथे बांधाल तिथून उष्णता आत शिरते.

एक वॉट उष्णता झिरपली, तर तासाला सुमारे १.४ लिटर द्रव हेलियम उडून जाते. आजची शीतयंत्रे ही वाफ पुन्हा द्रवरूप करतात खरी, पण या तापमानाला त्यांची ताकद जेमतेम एक-दीड वॉट. जाड पोलादी दांड्यांची चैन इथे परवडत नाही. म्हणून काचतंतू आणि इपॉक्सीचे लांब, बारीक पट्टे वापरतात. ताण सोसण्यात ते पोलादाच्या तोडीचे, उष्णता पुढे नेण्यात मात्र अत्यंत आळशी. वाटेत ते एका थंड कवचाला जोडून बरीचशी उष्णता तिथेच उतरवून घेतली जाते.

पट्टा नुसता तुटला नाही म्हणजे झाले, असेही नाही. इतक्या थंडीत धातूची उष्णता सामावण्याची क्षमता नगण्य होते. तार केसभर सरकली तरी घर्षणाने तेवढी जागा तापते आणि अतिवाहकता जाऊ शकते. मग साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, हेलियम सुमारे ७०० पट फुगून नळीवाटे निघून जाते आणि तपासण्या बंद पडतात. हेलियम आपल्याकडे बहुतांशी बाहेरून येते, हेही लक्षात घ्या.

जिनिव्हाजवळच्या सर्नमधील महाकाय त्वरकात १५ मीटर लांबीचे १२३२ चुंबक अशाच काचतंतूंच्या खांबांवर उभे आहेत. थंड होताना प्रत्येक चुंबक काही सेंटिमीटर आखडतो, त्यामुळे सगळे आधार जखडून चालत नाही. १९ सप्टेंबर २००८ रोजी तिथे विजेचा एक जोड निकामी झाला, सुमारे ६ टन हेलियम बाहेर पडले आणि दाबाने चुंबक जागचे हलले. काहींचे आधार काँक्रीटमधून उखडले. ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. किरण पुन्हा फिरले ते नोव्हेंबर २००९ मध्ये.

रुग्णालयातला चुंबक एरवी जागचा हलत नाही. त्याच्या पट्ट्यांची खरी परीक्षा होते ती प्रवासात. तो अनेकदा हेलियमसकट जहाजाने येतो, मग ट्रकने, आणि आपले रस्ते आपल्याला ठाऊक आहेतच. पेटीवर धक्का नोंदवणारी एक छोटी खूण चिकटवलेली असते. यंत्र उतरवून घ्यायला आलेला अभियंता आधी तीच पाहतो.