आधी आईबापांना विचारा

हाक मारली तरी वळून न पाहणे, नजरेला नजर न देणे, उशिरा बोलणे, एकच खेळ तासन्‌तास खेळत राहणे, अशी लक्षणे काही लहान मुलांत दिसतात. या अवस्थेला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. ही बाहेरची बाधा नव्हे आणि आईबापांच्या संगोपनातील दोषही नव्हे. मेंदूची जडणघडणच वेगळी असते.

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील पहिल्या मुलाच्या वडिलांनी त्याच्या बारीकसारीक सवयी ३३ पानी पत्रात डॉक्टरांना कळविल्या होत्या. म्हणजे या विषयाच्या पायाशीच एका बापाचे निरीक्षण आहे. पुढे मात्र काही तज्ज्ञांनी आईच्या मायेतच उणीव काढली. हा समज खोडून काढण्यात बर्नार्ड रिमलंड यांच्या १९६४ सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही. दिल्लीत १९९१ साली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली तीही मेरी बरुआ या एका आईनेच.

शेतात पाणी कोठे तुंबते हे शेतमालकालाच ठाऊक असते. तसेच हे आहे. डॉक्टर मुलाला घटकाभर पाहतात, आई रात्रंदिवस पाहते. म्हणून शेजारी, शिक्षक, आरोग्यसेविका या सर्वांना आम्ही सुचवितो की, सल्ला देण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात:

१. कोणता आवाज, स्पर्श किंवा वास त्याला सोसत नाही?
२. काही हवे असल्यास किंवा दुखत असल्यास तो कसे दाखवितो?
३. तो कशाने शांत होतो?
४. घरातून निघाला तर कोठे जातो?

चौथा प्रश्न जिवाशी निगडित आहे. अशी कित्येक मुले नकळत घराबाहेर पडतात आणि पाण्याकडे ओढली जातात. मूल दिसेनासे झाले तर आधी विहीर, शेततळे व कालवा पाहावा. विहिरीला कठडा व जाळी असावी.

आईबापांनीही एक वही ठेवावी. मूल बिथरले तर त्याआधी काय घडले व ते कशाने निवळले, हे तीत लिहावे व ती वही डॉक्टरांना दाखवावी. शंका येताच, 'बोलेल उशिरा' म्हणत वर्ष न दवडता जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्राविषयीही तेथेच चौकशी करावी.

अशा घराला फुकटचा सल्ला पुष्कळ मिळतो. त्यांचे ऐकून घेणारा मात्र विरळा. आपण आधी ऐकून घेऊ या.