भ्रमणध्वनी व वाहनचालन

वाहन चालवीत असताना चालकाने भ्रमणध्वनीचा (मोबाइलचा) उपयोग केल्यास त्याच्या अवधानात, दृष्टीत व हातांच्या हालचालींत व्यत्यय येतो आणि त्यातून अपघाताचा संभव वाढतो. हा धोका यंत्र हातात धरण्यामुळेच निर्माण होतो, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि बहुतेक देशांचे कायदेही तिच्यावरच आधारलेले आहेत. गेल्या तीन दशकांतील संशोधनावरून मात्र असे दिसून येते की, धोक्याचे मुख्य स्थान हातात नसून अवधानात आहे. त्यामुळे इअरफोन वा ब्लूटूथ यांच्या साहाय्याने, दोन्ही हात मोकळे ठेवून केलेले संभाषणही निर्धोक ठरत नाही.

पार्श्वभूमी : फिरत्या दूरध्वनीची कल्पना प्रथम वाहनासाठीच प्रत्यक्षात आली. १९४६ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे बेल कंपनीने मोटारींत बसविलेल्या दूरध्वनीची सेवा सुरू केली. त्यावेळची यंत्रे अवजड, महाग व संख्येने थोडी असल्याने त्यांच्यामुळे वाहतुकीचा प्रश्न निर्माण झाला नाही. हातात बाळगता येईल अशा भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क येथे केले. भारतात ही सेवा ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालेल्या संभाषणाने सुरू झाली. पुढे संभाषणाचे दर उतरले, यंत्रे स्वस्त झाली आणि स्पर्शपटलाचे स्मार्टफोन आले. त्यांबरोबर संदेश, चित्रफिती, नकाशे, पैशांची देवघेव व रोजगाराची मागणी ही सर्व कामे एकाच यंत्रावर होऊ लागली. परिणामी पूर्वी केवळ बोलण्यापुरता असलेला व्यत्यय आता वाचणे, लिहिणे व पाहणे यांपर्यंत पोहोचला आहे.

व्यत्ययाचे प्रकार : चालकाला येणाऱ्या व्यत्ययाचे तीन प्रकार मानतात. (१) दृष्टीचा व्यत्यय : डोळे रस्त्यावरून हटून पटलाकडे जातात. (२) हातांचा व्यत्यय : सुकाणूचक्र, हँडल वा गिअर यांवरील एक हात सुटतो. (३) मनाचा व्यत्यय : डोळे रस्त्यावर व हात चक्रावर असूनही विचार संभाषणात गुंततात. संदेश टंकलिखित करताना तिन्ही व्यत्यय एकाच वेळी येतात, म्हणून ती कृती सर्वाधिक घातक होय. हात मोकळे ठेवून बोलताना पहिले दोन टळतात, परंतु तिसरा कायम राहतो.

मनाच्या व्यत्ययाचे स्वरूप सहज ध्यानात येत नाही. मनुष्याची अवधानशक्ती मर्यादित असते. सवयीने सुलभ झालेली दोन कामे तो एकाच वेळी करू शकतो, परंतु विचार करावा लागणारी दोन कामे हाती घेतल्यास अवधान त्यांच्यामध्ये आळीपाळीने फिरत राहते. ओळखीच्या सरळ रस्त्यावर वाहन चालविणे हे बव्हंशी सवयीचे काम असते, त्यामुळे बोलत असतानाही ते व्यवस्थित चालले आहे असे चालकाला वाटते. एखादे मूल अकस्मात रस्त्यावर आले किंवा पुढील वाहन एकाएकी थांबले की, तेच काम क्षणार्धात विचाराचे होते आणि नेमके त्याच वेळी अवधान अन्यत्र असते. अशा अवस्थेत दृष्टी वस्तूवर पडूनही तिची जाणीव होत नाही. मानसशास्त्रात या घटनेला अनवधानजन्य अंधत्व म्हणतात. अपघातानंतर ‘तो मला दिसलाच नाही’ असे चालक सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही.

शेजारी बसलेल्या व्यक्तीशी केलेले बोलणे आणि दूरध्वनीवरील बोलणे यांतील भेदही येथे लक्षात घेतला पाहिजे. सहप्रवाशाला रस्ता दिसत असतो. चौक आला, वाहने दाटली की तो आपोआप थांबतो, कित्येकदा चालकाला सावधही करतो. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकावरील व्यक्तीला यांपैकी काहीच दिसत नसल्याने तिचे बोलणे रस्त्याच्या स्थितीनुसार थांबत वा मंदावत नाही. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही सहप्रवाशाशी बोलणाऱ्या चालकांच्या तुलनेत दूरध्वनीवर बोलणाऱ्या चालकांच्या चुका अधिक असल्याचे आढळले.

काल व अंतर : धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या काळास प्रतिक्रियाकाल म्हणतात. सावध चालकाच्या बाबतीत तो सर्वसाधारणपणे दीड सेकंद धरला जातो. ताशी ४० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सु. ११ मी. अंतर कापते, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ते सु. १७ मी. पुढे गेलेले असते. ताशी ८० किमी. वेगास हे अंतर सु. ३३ मी. होते. संभाषणामुळे प्रतिक्रियेस केवळ अर्ध्या सेकंदाचा विलंब झाला, तरी या वेगास वाहन आणखी ११ मी. पुढे जाते. अपघात टळणे व घडणे यांतील फरक पुष्कळदा एवढ्याच अंतराचा असतो.

संदेश वाचताना वा लिहिताना हे अंतर कितीतरी पटींनी वाढते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने ट्रकचालकांचे प्रत्यक्ष रस्त्यावरील वर्तन कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अभ्यासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. संदेश लिहिणाऱ्या चालकांचे डोळे सहा सेकंदांपैकी सरासरी ४·६ सेकंद रस्त्यावर नव्हते आणि अपघात वा अपघातसदृश प्रसंगाचा संभव २३ पटींनी वाढला होता. ताशी ८० किमी. वेगास ४·६ सेकंदांत वाहन १०० मी. हून अधिक अंतर जाते, म्हणजे तेवढा रस्ता ते जणू आंधळेपणानेच पार करते.

वेगाचे हे गणित नित्याच्या वाहतुकीला कसे लागू पडते, हे मुंबईच्या उत्तरेस ठाणे जिल्ह्यात असलेल्या मीरा-भाईंदर शहरात पाहावयास मिळते. येथे दोन अगदी भिन्न प्रकारचे रस्ते अल्प अंतरात एकत्र येतात. काशीमिऱ्याजवळून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. तेथे अवजड वाहनांची सतत ये-जा असून वेगही अधिक असतो. भाईंदर पूर्वेस खारी, गोडदेव, नवघर या जुन्या गावांच्या परिसरात मात्र दाट वस्ती असून रिक्षा, दुचाकी, फेरीवाले व पादचारी एकाच रस्त्याचा उपयोग करतात. अशा रस्त्यावर ताशी २५ किमी. वेगाने जाणाऱ्या चालकास आपण सावकाश जात आहोत असे वाटते आणि म्हणूनच एखादा संदेश पाहण्यास हरकत नाही असेही वाटते. परंतु ४·६ सेकंदांत त्याचे वाहन सु. ३२ मी. पुढे गेलेले असते. दुकानांच्या रांगेसमोरील एवढ्या अंतरात किती माणसे रस्ता ओलांडत असतात, हे त्या वाटेने रोज स्थानकाकडे जाणाऱ्यास सांगावे लागत नाही. महामार्गावर चालकाच्या चुकीचे फळ बहुधा त्यालाच भोगावे लागते. गल्लीत ते शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या वा वृद्धाच्या वाट्याला येते.

वाहनप्रकारानुसार भेद : दुचाकी व तीनचाकी वाहनांत हातांचा व्यत्यय विशेष घातक असतो. मोटारसायकलच्या हँडलावर उजव्या हाताशी वेगनियंत्रक व पुढील ब्रेक आणि डाव्या हाताशी क्लच असतो, त्यामुळे कोणताही एक हात सुटला तरी वाहनावरील ताबा अपुरा होतो. शिवाय एका हाताने दुचाकीचा तोल खड्ड्यावरून जाताना सावरणे कठीण असते. शिरस्त्राण व गाल यांच्यामध्ये यंत्र खोचून किंवा मान वाकवून खांद्याशी धरून बोलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्यामुळे मान वळविता येत नाही व बाजूने येणारे वाहन दिसत नाही. हँडलावरच क्लच व गिअर असणाऱ्या रिक्षेत डावा हात सुटल्यास वेग कमी करताना गिअर बदलता येत नाही. दोन्ही कानांत इअरफोन घातल्यास मागील वाहनाचा भोंगा वा रुग्णवाहिकेचा आवाजही ऐकू येत नाही.

संशोधन : या विषयावरील पहिला महत्त्वाचा अभ्यास कॅनडातील टोराँटो येथे रेडेलमायर व टिबशिरानी यांनी केला व तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्या, भ्रमणध्वनी बाळगणाऱ्या ६९९ चालकांच्या दूरध्वनी-नोंदी तपासून त्यांनी असे दाखविले की, संभाषणाच्या काळात अपघाताचा संभव सु. चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांमुळे तो कमी झाल्याचे दिसत नाही. याच चालकांपैकी ३९ टक्के जणांनी अपघातानंतर आपत्कालीन मदत मागविण्यासाठी त्याच यंत्राचा उपयोग केला होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे २००५ साली झालेल्या अभ्यासातही चौपट संभवाचाच निष्कर्ष निघाला आणि तेथेही हातात धरलेल्या व हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्रांमध्ये विशेष भेद आढळला नाही. डेव्हिड स्ट्रेअर व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दूरध्वनीवर बोलणाऱ्या चालकांमधील दोष मद्याच्या विहित मर्यादेवर असणाऱ्या चालकांमधील दोषांइतकेच गंभीर ठरले. स्ट्रेअर यांच्याच पुढील अभ्यासात (२०१५) असे दिसले की, आवाजी आज्ञा देऊन यंत्र चालविल्यानंतर चालकाचे अवधान पूर्ववत होण्यास काही वेळा २७ सेकंदांपर्यंत काळ लागतो. म्हणजे सिग्नलला थांबल्यावर संदेश पाहून पुन्हा निघालेला चालक प्रारंभीचा काही काळ अर्धवट अवधानानेच वाहन चालवीत असतो.

आकडेवारी व तिच्या मर्यादा : केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी भ्रमणध्वनीच्या वापराशी संबंधित म्हणून नोंदलेले मृत्यू ३,३९५, म्हणजे सु. २ टक्के होते. २०२१ च्या अहवालात मात्र अशा मृत्यूंची संख्या १,०४० होती. एकाच वर्षात लोकांच्या वर्तनात तिप्पट फरक पडणे संभवनीय नाही. नोंद करण्याच्या पद्धतीतील चढउतार या आकड्यांत उमटलेला असावा. अतिवेगाचा अंदाज वाहनाच्या अवस्थेवरून बांधता येतो, मद्याचा अंश रक्तात सापडतो, परंतु अवधान ढळल्याची खूण घटनास्थळी राहत नाही. चालक स्वतः ते क्वचितच कबूल करतो आणि मृत चालकाच्या बाबतीत साक्षीदार नसल्यास कारण ‘अतिवेग’ वा ‘निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते. यास्तव नोंदलेला आकडा हा प्रश्नाचे माप नसून त्याची किमान मर्यादा समजला पाहिजे.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २१ मध्ये वाहन चालविताना भ्रमणध्वनीचा वापर हे अनुज्ञप्तीवर कारवाई होऊ शकणारे कृत्य मानले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर कलम १८४ खालील धोकादायक वाहनचालनात समाविष्ट झाला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच अपराध केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये ठरविलेल्या तडजोड शुल्कानुसार ही रक्कम दुचाकीसाठी १,००० व चारचाकीसाठी २,००० रुपये होती. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार केवळ मार्गदर्शनासाठी (नकाशा पाहण्यासाठी), आणि तोही चालकाचे अवधान विचलित होणार नाही अशा रीतीने, यंत्राचा वापर करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांत, भ्रमणध्वनी वापरणाऱ्या चालकाची अनुज्ञप्ती किमान तीन महिने निलंबित करावी असे म्हटले होते. बेदरकार वा निष्काळजी कृत्यामुळे मृत्यू ओढवल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

कायद्याचा भर हातात धरलेल्या यंत्रावर असण्याचे कारण व्यावहारिक आहे. हातातील यंत्र पोलिसास दिसते, कानातील संभाषण दिसत नाही. परंतु यामुळे, जे दंडनीय नाही ते सुरक्षित आहे, असा चुकीचा अर्थ चालक काढतात.

प्रतिबंधक उपाय : सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वाहन सुरू करण्यापूर्वी यंत्राचा आवाज बंद करून ते हाताच्या टप्प्याबाहेर ठेवणे. बोलणे अनिवार्यच असल्यास वाहन रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवावे. महामार्गाच्या मार्गिकेत वा पुलावर थांबणे हा दुसरा धोका होय. नकाशा निघण्यापूर्वी लावून ठेवावा. बहुतेक स्मार्टफोनांत वाहन चालवीत असताना सूचना रोखून धरण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

वैयक्तिक निग्रहाने हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. भाड्याची मागणी यंत्रावर स्वीकारणारा टॅक्सीचालक वा रिक्षाचालक आणि घरोघरी वस्तू पोहोचविणारा दुचाकीस्वार यांचा रोजगारच पटलावर उमटणाऱ्या सूचनेवर अवलंबून असतो. सूचना काही सेकंदांत स्वीकारली नाही तर काम दुसऱ्याकडे जाते. अशा व्यवस्थेत केवळ चालकास दंड करणे अपुरे आहे. वाहन गतिमान असताना सूचना न पाठविण्याची जबाबदारी काम देणाऱ्या संस्थेवरही असली पाहिजे. सार्वजनिक वाहनांत प्रवाशांची दक्षता उपयोगी पडते. मार्च २०२५ मध्ये मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या राज्य परिवहन महामंडळाच्या ई-शिवनेरी बसचा चालक वाहन चालविताना भ्रमणध्वनीवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे चित्रीकरण एका प्रवाशाने परिवहन मंत्र्यांकडे पाठविले. त्यानंतर त्या चालकास सेवेतून काढण्यात आले व बस पुरविणाऱ्या खाजगी संस्थेस दंड करण्यात आला.

दूरध्वनी करणाऱ्या व्यक्तीचा या प्रश्नातील वाटा बहुधा दुर्लक्षित राहतो. ‘कुठपर्यंत आलात?’ अशी चौकशी घरातून होते, ती काळजीपोटीच. परंतु समोरील व्यक्ती वाहन चालवीत आहे असे कळताच ‘पोहोचल्यावर बोलू’ एवढे म्हणून संभाषण थांबविणे हे त्या काळजीशी अधिक सुसंगत होय. मुलांनाही शाळेपासूनच ही सवय लावता येते. अपघात घडल्यावर मात्र हेच यंत्र उपकारक ठरते. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर, वाहन सुरक्षितपणे थांबवून, तत्काळ संपर्क साधावा.