आरोग्यविम्याचा हप्ता गांवोगांवीं निराळा कां?



भाईंदर पूर्वेस आम्हां निवृत्तांची सायंकाळीं बैठक जमते. परवां तेथें एका स्नेह्यांनीं विचारलें, "मास्तर, माझे व्याही कणकवलीस राहतात. वय माझ्याएवढेंच, विमाही तेवढाच. मग माझाच हप्ता अधिक कां? मीही गांवचा पत्ता दिला तर?"

प्रश्न रास्त आहे. समजा, १०० वृद्धांपैकीं १० जण वर्षांत रुग्णालयांत दाखल होतात. लहान शहरांत एकेकाचा खर्च १ लाख रुपये धरला, तर १० लाखांचा बोजा शंभरांत वांटून प्रत्येकाचा वांटा १०,००० रुपये येतो. महानगरांत जागेचें भाडें, परिचारिकांचे पगार, शस्त्रवैद्यांचें मानधन हीं सारींच चढीं. तेथें खर्च २ लाख धरला, कीं वांटा २०,००० होतो. तरुणांत आजारी पडणारे ५ धरले, तर हेंच अंतर ५,००० भरतें. म्हणजे प्रदेशाचा फरक सर्वांसच लागतो, परंतु त्याची झळ वृद्धांस अधिक पोहोंचते.

म्हणूनच कित्येक कंपन्या देशाचे विभाग पाडतात. मुंबई व दिल्ली बहुधा सर्वांत महाग विभागांत असतात. दहिसरचा नाका ओलांडला कीं मुंबईची हद्द संपते खरी. पण आपला रोगी लोकलनें बोरिवली-अंधेरीसच जातो. त्यामुळें मुंबईलगतचीं शहरें पुष्कळदां मुंबईबरोबरच धरलीं जातात.

आतां गांवच्या पत्त्याविषयीं. स्वस्त विभागाचा हप्ता भरून महाग विभागांत उपचार घेतल्यास बिलाचा ठराविक हिस्सा रोग्यानें सोसावा, अशी अट अनेक करारांत असते. हा हिस्सा २० टक्के असेल, तर ३ लाखांच्या बिलांत ६०,००० रुपये पदरचे जातील. शिवाय खोटा पत्ता उघडकीस आल्यास, ऐन आजारपणांत दाव्याचा वाद उभा राहील तो निराळाच.

कांहीं दिलासाही आहे. साठीवरील विमेदारांचा हप्ता वर्षांत १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीनें आधीं विमा नियामक प्राधिकरणाशीं विचारविनिमय करावा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्यें निघाला. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. सत्तरी गांठलेल्यांस तर आयुष्मान भारत योजनेंत, उत्पन्नाची अट न घालतां, कुटुंबामागें वार्षिक ५ लाखांचें संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून खुलें झालें आहे.

स्नेह्यांस मीं इतकेंच सांगितलें: जेथें आपण राहतां, तोच पत्ता लिहा, आणि हप्त्याच्या आंकड्याआधीं करारांतील हिश्श्याची अट वाचा. त्यांनीं खिशांतून चष्मा काढला व तेथेंच वाचावयास आरंभ केला.