प्रकाशाची छिन्नी आणि पदार्थाचा स्वभाव
(लेखांक सातवा)

लेझरने कापताना किंवा कोरताना हत्यार वस्तूला टेकतच नाही. त्यामुळे कामाची प्रत हत्याराच्या धारेवर नव्हे, तर समोरचा पदार्थ किरणाची उष्णता किती शोषतो आणि ती शोषल्यावर वितळतो, जळतो, तडकतो की थेट वाफ होऊन उडून जातो, यावर ठरते. इंग्लंडमधील लेस्टर या शहराच्या आधाराने हा विषय चांगला उलगडता येतो, कारण कोरीव कामाची यंत्रे, लोकर आणि पाटीचा दगड या तिन्हींशी या शहराचा व परिसराचा जुना संबंध आहे.

टेलर बंधूंनी 1886 मध्ये लेस्टर येथे भिंगांचा कारखाना काढला आणि पुढे तो ‘टेलर, टेलर अँड हॉब्सन’ या नावाने प्रसिद्धीस आला. भिंगांच्या धातूच्या कड्यांवर बारीक आकडे व अक्षरे उमटवण्याची गरज पडल्याने या कारखान्याने स्वतःचे कोरणयंत्र तयार केले आणि नंतर ते यंत्रच त्याचे विकाऊ उत्पादन ठरले. हे यंत्र पँटोग्राफच्या तत्त्वावर चाले. म्हणजे कारागीर मोठ्या नमुना-अक्षराच्या खाचेतून एक बोथट सुई फिरवी आणि समांतरभुज चौकोनात जोडलेल्या दांड्या तीच हालचाल लहान करून फिरत्या कटरपर्यंत पोचवीत. आजच्या लेझरयंत्रात नमुना-अक्षराची जागा संगणकातील आरेखनाने आणि कटरची जागा किरणाने घेतली आहे. तरी भिंग तेथेही आहेच, कारण किरण एका बारीक ठिपक्यात एकवटल्याखेरीज त्याची उष्णता कामाची होत नाही. हा ठिपका जितका रुंद, साधारण तितकाच माल कापाच्या वाटेत नाहीसा होतो. ही रुंदी बहुधा मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश असते आणि आरेखनात ती धरली नाही, तर एकात एक बसणारे भाग सैल पडतात.

कलाकारांच्या कार्यशाळांत सर्वाधिक दिसणारा लेझर कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. त्याचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1964 मध्ये कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातले, ही बाब मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. पुढे तीनच वर्षांनी, 1967 मध्ये, केंब्रिजजवळच्या जोडकाम-संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी या किरणासोबत ऑक्सिजनचा झोत सोडून पोलादाचा पत्रा कापून दाखवला. पटेलांच्या लेझरची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशलहरीच्या दोन शिखरांमधले अंतर, सुमारे 10.6 मायक्रॉन असते. हा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि दृश्य प्रकाशाला आरपार जाऊ देणारे ॲक्रिलिक याला मात्र काळ्या भिंतीसारखे अडवते.

हे अडवणेच ॲक्रिलिकच्या पथ्यावर पडते. किरणाखाली त्याची वाफ होते, कडेचा पातळ थर वितळून पुन्हा थिजतो आणि कापलेली कड काचेसारखी चकचकीत निघते. कोरायचे असेल तर मात्र साच्यात ओतून बनवलेले ॲक्रिलिक निवडावे लागते, कारण त्यावर दुधी, दाणेदार रेघ उमटते. यंत्रातून दाबून काढलेले स्वस्त ॲक्रिलिक वितळून चिकट होते आणि रेघ अंधूक राहते. लाकूड वितळत नाही, जळते, म्हणून त्याची कड तपकिरी-काळी होते. गणपतीच्या एमडीएफच्या मखरांना जी काळसर किनार दिसते ती हीच. पीव्हीसी लेझरखाली कधीही घालू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुफ्फुसांना घातक असतो आणि यंत्राच्या लोखंडालाही गंज चढवतो. रेक्झिन म्हणून मिळणारे बरेचसे कापड याच जातीचे असल्याने ते चामडे समजून कापणे धोक्याचे आहे.

कापडाचे वर्तन याहून गुंतागुंतीचे आहे. पॉलिस्टरची कड वितळून आपोआप बंद होते, त्यामुळे तिला दोरे सुटत नाहीत. लोकर मात्र केसासारखीच करपते, वास सोडते आणि कडेला तिची काळी भुकटी होते. लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने आणि जवळच्या लफबरो विद्यापीठाने मिळून लेझर आणि विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी जैविक प्रथिने, यांचा वस्त्ररचनेतील उपयोग अभ्यासला. लोकरीच्या तंतूवर खवल्यांचे जे आवरण असते ते पाण्याला आणि रंगाला सहज आत शिरू देत नाही. किरणाची मात्रा इतकी कमी ठेवली की कापड न करपता केवळ या आवरणात बदल व्हावा, तर तेवढाच भाग रंग अधिक धरतो. मग एकाच रंगाच्या एकाच भांड्यात बुडवलेल्या कापडावर गडद आणि फिकट नक्षी उमटते. ज्या गावाने विणमालाच्या कारखान्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, तेथे लेझरचा असा हळुवार वापर शोधला जावा, हे फार समाधानाचे आहे.

पाटीच्या दगडावर लेझर निराळीच क्रिया करतो. किरण पडतो तेथे दगडाचा अगदी वरचा थर तापून काचेसारखा होतो आणि काळ्या-करड्या पाटीवर पेन्सिलीने लिहावे तशी फिकट रेघ दिसते. तिला खोली जवळजवळ नसते. लेस्टरशायरच्या चर्चच्या आवारांत स्विथलंडच्या पाटीचे अठराव्या शतकातले कबरीचे दगड आजही उभे आहेत. त्यांची मागची बाजू खडबडीत सोडलेली, पुढची घासून गुळगुळीत केलेली आणि तीवर छिन्नीने कोरलेली अक्षरे अजून स्वच्छ वाचता येतात. त्या अक्षरांची खाच तळाशी निमुळती असल्याने तिरप्या उन्हात तिच्या एका उतारावर सावली पडते व दुसरा उजळतो आणि सूर्य सरकेल तसे अक्षर बदलत जाते. लेझरची रेघ केवळ रंगाच्या फरकावर उभी असते, म्हणून छायाचित्रातला चेहरा किंवा केसाएवढी बारीक वेल ती उत्तम उतरवते. सावली धरणारे अक्षर मात्र अजून छिन्नीकडूनच घ्यावे लागते. स्विथलंडच्या खाणी 1887 मध्ये बंद झाल्या, त्यामुळे त्या जुन्या पाटीवर नवे कोरीव काम करण्याची संधी आता क्वचितच मिळते.

धातू कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण बहुतांशी परतवून लावतात आणि त्यांच्यासाठी बहुधा निराळ्या तरंगलांबीचा फायबर लेझर वापरतात. त्याचा विचार पुढील लेखांकात.