पावतीपूर्वीची मेहेरबानी

न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलात २०११ साली ज्या प्रकरणाने मोठा गहजब उडविला, त्याचा उगम वाहतुकीच्या दंडात नव्हताच. ब्राँक्समधील एका शिपायाचे अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याशी लागेबांधे असावेत, या संशयावरून २००८ साली तपास सुरू झाला. आणि पुढे दूरध्वनीवरील संभाषणे ऐकली जात असता, आप्तेष्टांच्या दंडाच्या पावत्या नाहीशा करण्याच्या विनवण्या इतक्या निःसंकोचपणे कानी पडू लागल्या, की मूळ गुन्हा बाजूस राहून एका जुन्या शिरस्त्याचेच दफ्तर उघडले गेले.

रीत साधी होती. पावतीची प्रत ठाण्यातून रवाना होण्यापूर्वीच काढून घ्यावी. ते न साधल्यास सुनावणीस गैरहजर राहावे, अथवा साक्षीच्या वेळी काही स्मरत नाही असे बेलाशक सांगावे. मध्यस्थी बहुधा शिपायांच्या संघटनेचे ठाण्यातील प्रतिनिधी करीत, आणि खातेनिहाय चौकशीत शिपायाच्या पाठीशी उभे राहणारेही हेच. तेव्हा शिस्त आणि वशिला यांचे बिऱ्हाड एकाच छपराखाली होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. आरोपींत अंतर्गत चौकशी शाखेचीच एक लेफ्टनंट असावी, आणि तपासाची गुप्त वार्ता फोडल्याचा ठपका तिच्यावर यावा, यात मग आश्चर्य ते काय?

२८ ऑक्टोबर २०११ रोजी सोळा पोलिसांना न्यायालयात उभे करण्यात आले. बहुतेकांवरील आरोप पावत्यांचे होते. त्या दिवशी कामावर नसलेले शेकडो सहकारी न्यायालयाबाहेर जमले, आणि हे तर सौजन्य, याला अपराध कोण म्हणतो, अशा आशयाचे फलक त्यांनी उंचावले. मला या साऱ्या प्रकरणात तेच फलक सर्वांत बोलके वाटतात. कारण त्यांत लबाडीपेक्षा निरागसताच अधिक होती. या ‘सौजन्या’ची किंमत मात्र भलत्याच ठिकाणी मोजावी लागली: अन्य खटल्यांत साक्षीस आलेल्या पोलिसांना बचावाचे वकील पावत्यांविषयी छेडू लागले, आणि त्यांच्या शपथेचे मोल घटले.

पावत्यांची संगणकावर नोंद ठेवण्याची व्यवस्था २०१० सालीच आली होती. त्यामुळे लिहिलेली पावती गिळंकृत करणे दुर्घट झाले. परंतु न लिहिलेल्या पावतीची नोंद कोणता संगणक ठेवणार? तेथे संघटनेची कार्डे होतीच, जी शिपाई आपल्या स्नेह्यासोबत्यांना देतो आणि ती पाहून रस्त्यावरचा शिपाई दंड माफ करतो. २०१८ साली संघटनेने सेवेतील शिपायाची कार्डे तीसवरून वीसवर आणली, एवढाच काय तो संकोच. २०२३ साली स्टेटन आयलंडवरील एका शिपायाने खटला गुदरला, की कार्डांची भीड न बाळगल्याने वरिष्ठांचा रोष ओढवला, आणि एका बड्या अधिकाऱ्याच्या स्नेह्याला दंड करताच आपली वाहतुकीच्या कामावरून रात्रीच्या गस्तीवर बदली झाली. २०२४ साली १,७५,००० डॉलरांवर तडजोड झाली; कार्डांच्या प्रथेत काही बदल करण्याचे बंधन तीत नव्हते.