पुढचा रणजी विजेता कसा ओळखायचा?

कोपरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या क्रिकेटवेड्यांचा वाद ठरलेला: मुंबई पुन्हा रणजी जिंकणार का? याचं उत्तर गणितानं बऱ्यापैकी शोधता येतं.

1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षं मुंबईनं करंडक हातचा जाऊ दिला नाही. दर मोसमात जिंकण्याची शक्यता 90 टक्के धरली, तरी लागोपाठ 15 वेळा जिंकण्याची शक्यता जेमतेम 21 टक्के उरते. तो संघ किती भक्कम असेल, विचार करा!

अंदाज बांधायला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी आखलेली गुणपद्धत कामी येते. 1700 गुणांचा संघ 1500 गुणांच्या संघाविरुद्ध जिंकण्याची शक्यता 76 टक्के. सामन्याचं वजन 32 गुण ठेवलं, तर बलाढ्य संघाला विजयाचे साधारण 8 गुण मिळतात; हरला तर 24 जातात. अनपेक्षित निकालाला जास्त किंमत, हे यातलं मला सर्वांत पटलेलं तत्त्व.

पण हे गुण मागच्या सामन्यांवरच बेतलेले असतात. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना 2015-16 मध्ये मुंबई जिंकली, 2017-18 आणि 2018-19 मध्ये विदर्भ, तर 2021-22 मध्ये मध्य प्रदेश. म्हणून प्रशिक्षक कुठे गेला, कोण जखमी आहे, भारतीय संघात कुणाची निवड झाली, हेही पाहावंच लागतं.

तुमच्या मैदानावरच्या संघांना प्रत्येकी 1500 गुण द्या, निकाल वहीत मांडत जा आणि पुढच्या मोसमाचा अंदाज स्वतःच ताडून पाहा.